गळा दाटला की शेजारचा गातो

अल्टोची_ओळ

लिहू की नको असं करत दोन आठवडे गेले. इथं संगीतावरचे धागे बरेच निघतात, पण बहुतेक रागांवर, नाट्यपदांवर, नाहीतर सिनेमातल्या गाण्यांवर. मला चर्चमधल्या गायनमंडळीबद्दल लिहायचंय. खरं म्हणजे पुष्कळ जणांनी मिळून देवासमोर गाणं, याबद्दल.

मी सोलापूरची. आजोबा नगर जिल्ह्यातून इथं मिलमध्ये लागले आणि इथलेच झाले. मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या चाळीत आमचं लहानपण गेलं. चर्चच्या गायनमंडळीत मी अठ्ठावीस वर्षं अल्टो गाते. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते: चार आवाज असतात. बायकांमधला वरचा आवाज सोप्रानो, खालचा अल्टो. पुरुषांमधला वरचा टेनर आणि खर्जातला बास. गाण्याची चाल सोप्रानोकडे. लोक घरी जाताना गुणगुणतात ती तीच. आमची ओळ तिच्या खाली तीन-चार स्वरांत फिरते. स्वयंपाक करताना मी एकटी ती म्हणते तेव्हा गाणं कुठलं आहे हे घरात कुणालाही ओळखता येत नाही. बाकीचे तीन आवाज आले की मगच तिला अर्थ येतो.

माझा मोठा भाऊ याच मंडळीत बास गायचा. तीस वर्षं. माझ्या डाव्या खांद्यामागे त्याची जागा. तो फेब्रुवारीत गेला. हृदयविकार, झोपेतच.

मी रडले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, दवाखान्याचे कागद, दफनाची व्यवस्था, वहिनीचं बँकेचं काम, सगळं मीच पाहिलं. कबरेपाशी लोक गात होते तेव्हा मी मोजत होते, किती जणांचं जेवण सांगायला हवं. महिनाभर सगळे म्हणत राहिले, 'ही खंबीर आहे.' मला माझीच भीती वाटायला लागली होती.

मग उत्तम शुक्रवार आला. दुपारी बारा ते तीनची उपासना. बाहेर बेचाळीस अंश, आत पंखे फक्त गरम हवा फिरवत होते. ख्रिस्ताच्या सात उद्गारांवर सात मनन, प्रत्येकानंतर एक गीत. सातव्यानंतरचं गीत आम्ही ऑर्गनशिवाय गातो. दिवे घालवलेले असतात. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्या कडव्यात एक जागा आहे, तिथं वरचे तिन्ही आवाज थांबून राहतात आणि बास एकटा तीन पायऱ्या खाली उतरतो. उरलेल्या दोघा बासवाल्यांनी ती जागा घेतली, चांगली घेतली. पण डाव्या खांद्यामागून आवाज आला नाही.

माझा गळा बंद झाला. हातात 'उपासना संगीत', आमचं गीतांचं पुस्तक, उघडं, तोंड उघडं, आणि आवाज नाही.

गाणं थांबलं नाही, हे मला सांगायचंय. माझी ओळसुद्धा थांबली नाही. माझ्या शेजारी जी उभी राहते ती वयानं लहान आहे, इतकी वर्षं माझ्या आवाजावर टेकून गायची, मी उचलला की उचलायची. तिनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. फक्त आवाज एवढासा वाढवला आणि आमची ओळ पुढे नेली. मी रडत होते, आणि माझ्या वाटणीचं गाणं माझ्या कानाशी कुणीतरी गात होतं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी आमची ओळ बाहेरून ऐकली. तिसऱ्या कडव्याला मी परत शिरले. कुठून शिरायचं ते शोधावं लागलं नाही. जागा तिथंच होती, उबदार.

आमच्या जुन्या मास्तरांनी शिकवलेली एक गोष्ट तेव्हा कळली. लांब ओळ असली की ते सांगायचे, शेजारचा जिथं श्वास घेतो तिथं तुम्ही घ्यायचा नाही. त्यानं सोडलं की तुम्ही धरा, तुम्ही सोडलं की तो धरेल, ऐकणाऱ्याला वाटेल या माणसांना श्वास लागतच नाही. मी इतके दिवस याला तंत्र समजत होते.

तुम्हाला असं झालंय का? भजनात, दिंडीत, आरतीत, कुठंही? आणि जे गात नाहीत, फक्त ऐकतात, त्यांना आत काय होतं? मनापासून विचारतेय.

टाळ_आणि_पंढरी

ताई, दंडवत. वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. भावाच्या जाण्याचं वाईट वाटलं.

मी मूळचा मोहोळकडचा, आता जुळे सोलापुरात राहायला. आमच्या घरात वारी आहे. तुम्ही शेजारणीचं जे लिहिलंय त्याला आमच्यात शब्द आहे. झील. पुढचा एक जण चाल म्हणतो, मागं उभे असतात ते झील धरतात. झीलकऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. पण म्होरक्याचा दम संपला की अभंग खाली पडू द्यायचा नाही, हे काम झीलकऱ्याचंच. आमचे आजोबा म्हणायचे, चाल चुकली तर चालंल, झील सुटली नाही पाहिजे.

वडील गेले त्या वर्षी मी वारीला जाणार नव्हतो. आईनं बळंच पाठवलं. माळशिरसला मुक्काम होता. ज्यांनी माउलींच्या सोहळ्यातली समाजआरती पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहितो. संध्याकाळी पालखी तळावर येते, सगळ्या दिंड्या भोवतीनं गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड वर करतात. अन् सगळं एका क्षणात थांबतं. इतकी माणसं, अन् तळावरच्या ध्वजाची फडफड ऐकू येते.

ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिनं टाळ थांबवायचे नाहीत, ही रीत आहे. सगळं शांत झालं तरी ती दिंडी वाजवत राहते. मग चोपदार तिथं जाऊन विचारतात, काय झालं? पाणी मिळालं नाही, चालीचा क्रम मोडला, जे असेल ते. ऐकून घेतात, मगच पुढं आरती.

त्या दिवशी दंड वर गेला, सगळे टाळ थांबले, आणि माझे थांबले नाहीत. मला कळलंच नाही. हात आपोआप चालू होते. दिंडीतल्या एका म्हाताऱ्यानं माझ्या हातावर हात ठेवला. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, तुझी तक्रार ऐकली हां देवानं. तिथं मी रडलो ताई, वडील गेल्यावर पहिल्यांदा.

प्रश्नचिन्ह

दोन्ही अनुभव वाचून हललो. तरीही एक शंका मांडतो, गैरसमज नसावा.

मी नास्तिक आहे. समूहात माणूस विरघळतो हे मला मान्य, पण ते मैदानावरच्या गर्दीतही होतं, मोर्चातही होतं, दंगलीतल्या घोषणांतही होतं. तिथंही अंगावर काटा येतो, तिथंही 'मी' उरत नाही. मग पवित्र संगीतात वेगळं काय? माझ्या गल्लीत रात्री अकरापर्यंत भोंगे लावून जे चालतं त्यालाही लोक भक्तिसंगीतच म्हणतात, आणि त्यापायी माझ्या आजारी आईला झोप मिळत नाही. तिथं मला फक्त संताप येतो.

नाडी_बघणारा

पेशानं डॉक्टर आहे, गाण्यातला नाही. शरीराच्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो.

२००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इटलीतल्या एका गटाचा अभ्यास आला होता. तेवीस निरोगी माणसांकडून लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणून घेतली आणि नंतर एक मंत्र. दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला जवळजवळ सहावर आला. एरवी आपण बारा-पंधरा घेतो. सहाच्या आसपास श्वास आला की रक्तदाबाच्या नैसर्गिक चढउताराशी त्याचा मेळ बसतो आणि हृदयाची लय सुधारते. जपमाळेची प्रार्थना अर्धी एकानं म्हणायची असते, अर्धी बाकीच्यांनी. म्हणजे ताईंचा 'तू सोड, मी धरतो' हा प्रकार तिच्या बांधणीतच आहे.

दुसरा अभ्यास २०१३ चा, स्वीडनमधल्या गोथेनबर्गचा. शाळकरी वयाच्या मुलामुलींना एकत्र गायला लावून त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. सगळ्यांच्या ठोक्यांची गती बरोबरीनं वाढत होती, बरोबरीनं उतरत होती. कारण साधं आहे. गाण्याची ओळ संपते तिथंच श्वास घेता येतो, त्यामुळे चाल तुमचा श्वास ठरवते आणि श्वासामागे हृदय जातं. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. गाणं म्हणजे लांब, आवरून सोडलेला उच्छ्वास.

प्रश्नचिन्ह, तुमच्या शंकेचं अर्धं उत्तर यात असावं असं मला वाटतं. घोषणेत श्वास तुटक असतो, छाती वर उचललेली, पोट आवळलेलं. शरीर त्यातून भांडायला तयार होतं. संथ गाण्यात उलट होतं. दोन्हीकडे 'मी' विरघळतो, पण शरीर दोन वेगळ्या ठिकाणी जाऊन पोचतं.

ताई, महिनाभर कोरडे राहिलेले डोळे गाताना भरले याचं मला नवल वाटलं नाही. शोकात माणूस नकळत श्वास धरून ठेवतो. गाण्यानं तो सोडायला लावला.

पूर्वभागातला_माग

मी फार लिहीत नाही. घरी तेलुगू, बाहेर मराठी, जरा सांभाळून घ्या.

आमचे वडील चाळीस वर्षं यंत्रमागावर होते. चादर आणि टॉवेल. खटखटीत चाळीस वर्षं काढली की कान जातात, आमच्याकडे घरोघरी एक तरी असा माणूस आहे. वडिलांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मशीन लावून दिलं, त्यांना त्याचा त्रास होतो, काढून ठेवतात.

पण भजन सोडलं नाही. मार्कंडेय मंदिरात जातात, ढोलकीवाल्याच्या शेजारी बसतात आणि तळहात फरशीवर टेकवतात. सम बरोबर कळते. मान हलते, ओठ हलतात. कधी स्वर भलतीकडे जातो, कुणी काही म्हणत नाही, बाकीचे जरा मोठ्यानं गातात म्हणजे ते झाकलं जातं. घरात ते गप्प असतात, टीव्ही बघत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत. भजनावरून आले की त्या रात्री आईशी दोन शब्द बोलतात.

ऐकू न येणाऱ्या माणसाला संगीतातून काय मिळतं, ते मी रोज बघतो, पण मला सांगता येत नाही. ताईंनी विचारलं म्हणून लिहिलं.

अडखळ

मागवाल्या दादांचं वाचून धीर आला.

मी लहानपणापासून अडखळत बोलतो. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणताना 'ह'वर अडकायचो, सगळा वर्ग वळून बघायचा. तो एक शब्द म्हणायचा नाही म्हणून मी कित्येकदा शाळा बुडवली. पण प्रार्थनेला, सगळ्यांबरोबर, एकही अक्षर अडायचं नाही. पसायदान सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग. पुढं कळलं की हे बहुतेक अडखळणाऱ्यांचं असंच असतं, दुसऱ्याबरोबर एका लयीत बोललं किंवा गायलं की जीभ सुटते. कारणं डॉक्टरसाहेब सांगतील.

मला त्या वयात कारण नको होतं. दिवसातली सात मिनिटं मी इतरांसारखा असायचो. हात जोडून, डोळे मिटून, ग्राऊंडवरच्या धुळीत उभा. बाकी मुलं प्रार्थना कधी संपते याची वाट बघायची. मी ती संपू नये म्हणून देवाला विनवायचो.

अल्टोची_ओळ

सगळ्यांचे आभार. अडखळ, तुमचा परिच्छेद मी वहिनीला वाचून दाखवला. ती शिक्षिका आहे. म्हणाली, उद्यापासून हजेरी घेताना मुलांनी हात वर केला तरी पुरे, असं सांगते.

प्रश्नचिन्ह, तुमची शंका रास्त आहे आणि आईंची झोप त्याहून रास्त. ज्या आवाजानं आजारी माणसाची झोप मोडते त्याला मीही भक्तिसंगीत म्हणणार नाही. मला वाटतं फरक कानात आहे. घोषणा देताना शेजारच्याला ऐकावं लागत नाही, जितकं मोठ्यानं ओरडाल तितकं चांगलं. चार आवाजांत गाताना तुम्ही शेजारच्याला ऐकलं नाही तर गाणं तिथंच मोडतं. आमच्या मास्तरांचा नियमच होता: तुम्हाला फक्त तुमचाच आवाज ऐकू येत असेल तर तुम्ही फार मोठ्यानं गाताय. स्वतःला विसरायचं, पण कान उघडे ठेवून.

यातली एक जागा इथल्या शास्त्रीय संगीतवाल्यांना आवडेल. तानपुरा चांगला जुळला की कुणीही न छेडलेला गांधार, म्हणजे 'ग', त्यातून उमटतो, स्वयंभू गांधार म्हणतात तो. पेटीचा गांधार खऱ्या गांधाराहून किंचित चढा असतो, बाराही स्वर सारख्या अंतरावर बसवल्यामुळे. ऑर्गनचंही तेच. म्हणून पेटी किंवा ऑर्गन बंद करून नुसत्या गळ्यांनी गायलं की गाणारे आपसूक थोडे सरकतात आणि गांधार त्याच्या स्वतःच्या घरात जाऊन बसतो. तसा तो बसला की चौघांच्या डोक्यावर पाचवा आवाज ऐकू येतो. कुणी गात नसतं. लहानपणी मला वाटायचं तो देवदूत आहे. आता मला माहीत आहे की ते वरचे उपस्वर आहेत, प्रत्येक स्वरात दडलेले बारीक स्वर, एकमेकांत मिळून ठळक झालेले. माहीत झाल्यानं काही कमी झालं नाही. शेवटचं गीत आम्ही ऑर्गनशिवाय गातो ते याचसाठी.

आजीबद्दल लिहायचं राहिलं. ती मिशनच्या बोर्डिंगात शिकली. तिथं स्वर हाताच्या खुणांनी शिकवायचे, प्रत्येक स्वराला हाताची एक ठेवण. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी रूढ केलेली पद्धत, साध्या गिरणी कामगारांना आणि मुलांना नोटेशन न शिकता गाता यावं म्हणून. मिशनऱ्यांबरोबर ती जगभर गेली, मिझोराममधली गायनमंडळं आजही तीच वापरतात. त्यातला 'डो' आपल्या 'सा'सारखाच सरकता असतो, ज्याच्या त्याच्या पट्टीत. त्यामुळे आजीला कधी वाटलंच नाही की ती काही परकं शिकतेय. शेवटच्या आजारात तिला बोलता येत नव्हतं, तेव्हा ती पांघरुणावर हातानं स्वर दाखवायची. सा, ग, प. मी गायचे.

आणि टाळदादा, एक सांगते. आमच्या पुस्तकात रेव्हरंड टिळकांची कितीतरी गीतं आहेत. नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, १९१९ मध्ये वारले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. त्यांची अभंगाच्या चालीवरची गीतं आम्ही टाळ-मृदंगावर गातो. इंग्रजी चालीची गातो तेव्हा आमचे चार आवाज होतात, अभंग गातो तेव्हा एकच. चारमध्ये मला माझी जागा कळते. एकात मात्र जागाच उरत नाही. मला दोन्ही हवं असतं.

ओटावातली_सोलापुरी

लहानपण सात रस्त्याजवळ गेलं, आता कॅनडात. मला गाता येत नाही, त्यामुळे 'फक्त ऐकणाऱ्यांच्या' वतीनं लिहिते.

इथल्या राष्ट्रीय कलादालनात एका जुन्या चॅपलचा आतला भाग उचलून जसाच्या तसा उभा केलेला आहे. तिथं जॅनेट कार्डिफ यांची २००१ सालची एक कलाकृती ऐकायला मिळते. सोळाव्या शतकातल्या थॉमस टॅलिसची चाळीस आवाजांची रचना आहे, पाच-पाच जणांचे आठ गट, प्रत्येक गळ्याला वेगळी ओळ. कार्डिफ यांनी प्रत्येक गायकाचा आवाज स्वतंत्र ध्वनिमुद्रित केला आणि माणसाच्या उंचीचे चाळीस स्पीकर गोलाकार उभे केले. एका स्पीकरला एक आवाज.

मध्ये उभं राहिलं की चहूकडून समुद्रासारखं येतं. पण मी एकेका स्पीकरजवळ जाऊन कान लावला. एक पोरगा होता, आवाज थोडा कापणारा. एकाचा श्वास चक्क ऐकू येतो. आणि गाणं सुरू व्हायच्या आधी दोन-तीन मिनिटं ते गायक नुसते खाकरतात, गप्पा मारतात. साधी माणसं. मग शांतता, आणि एकच आवाज सुरू होतो, मग दुसरा.

मी त्या दिवशी आईशी फोनवर भांडून आले होते. सोलापूरला कधी येणार, यावरून. मी त्या कापणाऱ्या आवाजाच्या पोराजवळ अकरा मिनिटं उभी राहिले आणि रडले. शेजारी एक अनोळखी म्हातारे गृहस्थ दुसऱ्या स्पीकरजवळ रडत होते. आम्ही एकमेकांकडे पाहून मान हलवली. ऐकणाऱ्यांची पण एक मंडळी होते, ताई.

गड्ड्याचा_माणूस

थोडक्यात. सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यापाशी अक्षता सोहळा होतो, सिद्धेश्वरांच्या योगदंडाचं प्रतीकात्मक लग्न. संमतीची वचनं जुन्या कन्नडमध्ये. जमलेल्या लाखांमध्ये कन्नड न येणारे निम्मे तरी असतील, तेलुगू, मराठी, उर्दू बोलणारे. पण 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' आलं की सगळ्यांचे हात एकदम वर जातात आणि अक्षता पडतात. मला अर्थ कळायला पंचवीस वर्षं लागली. हात मात्र पाचव्या वर्षापासून वेळेवर उठतो, कारण बाबांच्या खांद्यावर बसून त्यांचा हात उचललेला मला खालून जाणवायचा. बाबा आता नाहीत. दर वर्षी त्या क्षणी खांदा जाणवतो.

प्रश्नचिन्ह

ताई, 'कान उघडे ठेवून' हे पटलं. देव मला अजूनही पटलेला नाही, पण आता माझा प्रश्न बदललाय. मी शेवटचं कधी कुणाबरोबर गायलो ते आठवायचा प्रयत्न केला. शाळेतलं राष्ट्रगीत. त्यानंतर नाही. बत्तीस वर्षं. हे लिहितानाही जरा गलबलतंय.

गाणाऱ्यांमध्ये विश्वास नसलेला माणूस चालतो का?

अल्टोची_ओळ

चालतो. माझ्या भावाचा विश्वास मधली काही वर्षं पार उडाला होता. त्याची मुलगी गेली तेव्हा. उपासनेला यायचा नाही, पण शनिवारच्या तालमीला यायचा. आमचे त्या वेळचे पाळक म्हणाले, येऊ द्या, त्याच्या वतीनं आपण विश्वास धरू, आपल्या वतीनं तो बास धरेल. सहा वर्षांनी तो रविवारीही यायला लागला. का, ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

याच भावानं मला पहिल्यांदा सांगितलं होतं की हँडेल या संगीतकाराच्या 'मसाया' या गायनरचनेचा पहिला प्रयोग १७४२ मध्ये डब्लिनला झाला तो मदतनिधीसाठी, आणि त्या पैशातून कर्जापायी तुरुंगात पडलेल्या माणसांची सुटका झाली. त्याला ते त्यातल्या 'हालेलूया'पेक्षा जास्त आवडायचं. गायल्यामुळे कुणीतरी दाराबाहेर आलं पाहिजे, म्हणायचा.

टाळ_आणि_पंढरी

ताई, येत्या एकादशीला आमच्याकडं विठ्ठल मंदिरात भजन आहे. या की ओ. शेजारणीला पण आणा.

अल्टोची_ओळ

दहा दिवसांनी लिहितेय. आम्ही दोघी गेलो होतो.

बायकांच्या बाजूला सतरंजीवर जागा दिली, हातात टाळ दिले. टाळ मला जमले नाहीत, जड असतात आणि मनगट लवकर भरून येतं. पहिले दोन अभंग मी नुसती ऐकत राहिले. वेगळंच आहे ते. आमच्याकडे सूर जुळायची वाट बघतात, यांच्याकडे आधी लय जुळते आणि सूर मागून येऊन तिला मिळतो. रूपाच्या अभंगापासून सुरुवात संथ, मग हळूहळू चढत जातं आणि शेवटी 'विठ्ठल विठ्ठल' इतकं भरभर होतं की शब्दच राहत नाही, नुसता 'ठ्ठ' आणि टाळ.

तिसऱ्या अभंगाला शेजारणीनं आणि मी न ठरवता खालून आमची ओळ लावली. सवयीनं लागली. विणेकरी आजोबांनी मान वळवून पाहिलं. मला वाटलं चूक झाली, आम्ही गप्प झालो. त्यांनी हातानं खूण केली, चालू द्या. अभंग संपल्यावर त्यांनी विचारलं, ही खालची झील कुणी शिकवली? मी म्हटलं, आजीनं. मग ते भावाबद्दल बोलले, टाळदादांनी त्यांना सांगितलेलं होतं. पुढचा अभंग त्यांनी त्याच्यासाठी घेतला. मी पूर्ण गायले. गळा दाटला नाही.

भावाची जागा मंडळीत अजून रिकामी आहे. बास गाणारा कुणी असेल तर तालीम शनिवारी संध्याकाळी साडेसहाला असते. नोटेशन वाचता आलंच पाहिजे असं नाही, ऐकून बसवून घेतो. प्रश्नचिन्ह, तुमचा बोलण्याचा आवाज कसा आहे?

प्रश्नचिन्ह

जाड आहे म्हणतात. शनिवारी येतो.

पूर्वभागातला_माग

ताई, मी वडिलांना घेऊन आलो तर चालेल का? गाणार नाहीत. तुमच्याकडे लाकडी बाकं असतात ना, त्यावर हात ठेवून बसतील.

अल्टोची_ओळ

आणा. डावीकडच्या पहिल्या बाकावर बसवा, ऑर्गनला चिकटून आहे ते. बास चालू झाला की ते बाक सगळ्यात जास्त थरथरतं.